घरचा पदार्थ, आपल्या नावाने

दिवाळी जवळ आली आहे. चिवडा, शेव, लाडू, चकल्या यांच्या ऑर्डरी गटांकडे येऊ लागल्या आहेत. त्याबरोबर आमचा फोनही वाजतो आहे, आणि विचारणे बहुतेकींचे एकच असते. "ताई, घरी केलेलं विकायला लायसन लागतं का हो? कोणी येऊन पकडणार तर नाही ना?" म्हणून आजचे बोलणे याच विषयावर.

उत्तर आधी सांगून टाकतो. घरच्या स्वयंपाकघरात पदार्थ करून विकता येतो. कायद्याने त्याला मनाई केलेली नाही. पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. ती स्वस्त आहे, आपल्याला जमण्यासारखी आहे, आणि पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा मोठ्या कारणासाठी ती करायला हवी. ते कारण असे.

आमच्या सोलापूर जिल्ह्याची कडक भाकरी आणि शेंगा चटणी सगळ्यांना ठाऊक आहे. भाकऱ्या थापणाऱ्या, शेंगदाणे भाजून चटणी कुटणाऱ्या बाया गावोगावी आहेत. आमच्या ओळखीच्या एका गटातल्या बाया वर्षानुवर्षे एका व्यापाऱ्याला सुटी चटणी किलोवर देत होत्या. एकदा गटातल्या एका वहिनींची मुलगी पुण्याहून आली ती चटणीचे पाकीट घेऊन. "आई, ही अगदी तुझ्या हातची लागते." ती त्यांच्याच हातची होती. पाकिटावर नाव, पत्ता आणि नोंदणीचा क्रमांक मात्र व्यापाऱ्याचा, आणि भाव यांना मिळत होता त्याच्या दुपटीहून जास्त. त्याने चोरी केली असे म्हणता येत नाही, त्याने रोख पैसे देऊन माल घेतला होता. बायांकडे कष्ट होते, चव होती, पण दुकानात ठेवता येईल असे पाकीट नव्हते. बिननावाचा माल नेहमी दुसऱ्याच्या नावाने विकला जातो. नोंदणी आणि लेबल यांकडे आम्ही म्हणूनच आधी हक्काची गोष्ट म्हणून पाहतो, सरकारी जाच म्हणून नंतर.

आता कायदा. देशात अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आहे, आणि त्याची नियमावली ऑगस्ट २०११ पासून लागू झाली. त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. तो मुख्यतः भेसळ करणाऱ्याला शिक्षा करण्यासाठी होता. नवीन कायदा म्हणतो, अन्नाचा धंदा करणारा प्रत्येक जण सरकारदप्तरी माहीत असला पाहिजे. दिल्लीच्या प्राधिकरणाला सगळे एफएसएसएआय म्हणतात. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते, त्याचे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते.

धंदा कशाला म्हणायचे? कायद्याची व्याख्या मोठी आहे. नफ्यासाठी असो वा नसो, अन्न तयार करणे, पॅक करणे, साठवणे, वाहून नेणे, विकणे, डबे पुरवणे, सगळे त्यात येते. "आम्ही काय, सणापुरतं करतो" असे म्हणून सुटका नाही. जत्रेतला तात्पुरता स्टॉलसुद्धा त्यात धरला आहे. सूट आहे ती शेतकऱ्याला आणि मासेमाराला. शेतातल्या हिरव्या मिरच्या पाटीत घालून बाजारात विकल्या तर नोंदणी नको. त्याच मिरच्यांत मसाला भरून, ताकात मुरवून, वाळवून सांडगी मिरची म्हणून विकल्या की नोंदणी हवी. पीक विकणे वेगळे आणि पदार्थ विकणे वेगळे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

नोंदणी आणि परवाना यांत गोंधळ होतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे वर्षाची विक्री बारा लाख रुपयांपर्यंत असेल तर नोंदणी, त्याच्या वर गेली तर परवाना, म्हणजे आपण म्हणतो ते लायसन. बारा लाख हा आकडा विक्रीचा आहे, नफ्याचा नाही. महिन्याला लाखभराची विक्री म्हणजे दिवाळी धरूनसुद्धा आपल्या बहुतेक गटांना ती मर्यादा पुरून उरते. त्याशिवाय रोजच्या उत्पादनाची मर्यादा शंभर किलो किंवा शंभर लिटरची आहे. दूध आणि मांसाच्या पदार्थांची मोजणी वेगळी आहे, त्यामुळे खवा-पनीर करणाऱ्या मैत्रिणींनी अर्ज भरण्याआधी जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावे.

२०२४ च्या दराने नोंदणीची फी वर्षाला शंभर रुपये. त्या नियमांत एक ते पाच वर्षांपर्यंत कितीही वर्षांची एकदम घेता येते. आम्ही पाच वर्षांची घ्यायला सांगतो, कारण पाचशे रुपयांत दर वर्षीची आठवण ठेवण्याची कटकट मिटते. अर्ज फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरतात, त्याला 'नमुना अ' म्हणतात. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढेच मुख्य. जागेच्या पुराव्याला घरपट्टीची पावती किंवा वीजबिल काढून ठेवा. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचे साधे संमतिपत्र सोबत ठेवा. घर आपल्या नावावर नाही म्हणून धंदा आपल्या नावावर होत नाही, असे मुळीच नाही. "मग मालकाच्याच नावाने अर्ज भरून टाकू" असे घरात कोणी म्हणाले तर एवढे ऐकवा: नोंदणी जिच्या नावावर, धंदा तिचा. पुढे कर्ज, अनुदान, मेळाव्यातला स्टॉल, सगळे त्या नावावर येते.

मोबाइलवर जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रातून अर्ज भरा. फक्त पैशाचे बघून. आमच्या तालुक्यात एका एजंटाने तीन बायांकडून प्रत्येकी अडीच हजार रुपये घेतले आणि एक वर्षाची नोंदणी हातात ठेवली. सरकारी फी शंभर होती. केंद्रवाल्याला त्याच्या कामाचे पैसे द्या, त्याने वेळ दिलेला असतो, पण सरकारी पावती मागा आणि तिच्यावरचा आकडा स्वतः वाचा. अर्जात मोबाइल नंबर तुमचाच घाला. एजंटाने स्वतःचा नंबर घातला की पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात आणि नूतनीकरणाच्या वेळी तुम्ही पुन्हा त्याच्याच दारात.

अर्ज गेल्यावर अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यायची, किंवा कारण लिहून नाकारायची, किंवा जागा पाहायला येतो असे कळवायचे. पाहणी ठरली तर तीस दिवसांत निकाल द्यायचा. मिळणारा क्रमांक चौदा आकड्यांचा असतो. नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. दुकानात कुठलेही पाकीट हातात घेतले की हा पहिला आकडा बघायची आम्हाला आता खोडच लागली आहे. प्रमाणपत्र छापून जिथे पदार्थ करता तिथे भिंतीवर लावायचे. १ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावरही लिहावा लागतो. हाताने लिहिलेल्या बिलबुकावर रबरी शिक्का मारला तरी चालतो.

आता गटांचा खरा गुंता. दहा बायांचा गट, पापड प्रत्येकीच्या घरी लाटले जातात, आणि गटातल्या एकीची नोंदणी आहे. तिचाच क्रमांक सगळ्यांच्या पाकिटावर. हे चालत नाही. नोंदणी जितकी माणसाची तितकीच जागेची असते. ज्या घरात पदार्थ तयार होतो त्या घराचा पत्ता त्या क्रमांकामागे असला पाहिजे. मैत्रिणीचा क्रमांक उसना घेतला आणि उद्या तुमच्या पापडाची तक्रार आली, तर नोटीस तिच्या घरी जाईल. पिठाचे वाण उसने द्यावे, हे देऊ नये.

यातून दोन वाटा निघतात. एक, सगळ्यांनी मिळून एकच जागा ठरवायची, समाजमंदिरातली खोली असो की कुणाच्या घरची मोकळी पडवी, आणि गटाच्या नावाने तिथली नोंदणी करायची. दोन, जी घरी करणार तिने आपल्या घराची नोंदणी करायची, आणि गट ज्या जागी माल एकत्र करून पॅक करतो त्या जागेची गटाच्या नावाने वेगळी. मग लेबलवर तयार कोणी केले आणि पॅक कोणी केले, हे दोन्ही लिहायचे. आमचा कल पहिल्या वाटेकडे आहे. एका जागी काम झाले की चव एकसारखी राहते, वजनकाटा एक लागतो, आणि कुणाच्या घरी काय चालले आहे याची कुजबूज होत नाही. पण लहान लेकरे, म्हाताऱ्या सासूबाई, गुरे सांभाळून दुपारी दोन तास काम करणारीला घर सोडून जाता येत नाही, हेही आम्ही रोज पाहतो. अशा गटाने दुसरी वाट धरावी. शंभर रुपये वर्षाला हा खर्च तिला झेपेल.

अधिकारी घर बघायला आला तर काय बघतो, याची भीती सगळ्यात मोठी. "आमचं घर मातीचं, फरशी नाही, मग कसं?" लहान उत्पादकांसाठी नियमावलीत स्वच्छतेचे वेगळे, सोपे कलम आहे. त्यात महागडी यंत्रे मागितलेली नाहीत. जागा घाणीपासून, उकिरड्यापासून लांब असावी. जमीन, भिंती, छत धडके आणि साफ करता येण्याजोगे असावे, पोपडे पडून पदार्थात जाऊ नयेत. खिडकी-दाराला जाळी. पाणी पिण्याचे. कचऱ्याला झाकण. हाताला जखम असेल तर ती झाकलेली, नखे कापलेली, ताप-जुलाब असलेल्या बाईने त्या दिवशी पदार्थाला हात लावायचा नाही. काम चालू असताना माशांवर औषध फवारायचे नाही. तंबाखू-मिश्री लावून पदार्थाला बसायचे नाही, हे तर आम्ही न सांगताही कळते, तरी सांगतो, कारण मिश्रीची सवय आपल्याकडे आहे.

आपल्या घरांत दोन गोष्टी खरोखर अडचणीच्या असतात. पहिली गोठा. म्हैस आणि कढई यांच्यामध्ये एक भिंत आणि दार हवेच, कोंबड्या आत फिरता कामा नयेत. दुसरी पाणी. बोअरचे पाणी दिसायला नितळ असते म्हणून ते पिण्यायोग्य ठरत नाही. ग्रामपंचायतीकडून पाण्याचे नमुने तपासायला जातात, त्यात आपल्या बोअरचा नमुना घालायला सांगा आणि अहवालाची प्रत फाइलला लावा. सारवलेल्या जमिनीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: पदार्थ जिथे होतो तेवढ्या भागावर तरी शहाबादी फरशी किंवा कोबा करून घ्या. गटाच्या अंतर्गत कर्जातून निघण्याइतका तो खर्च आहे, आणि पुसून कोरडी करता येते अशी जागा पापड-चटणीलासुद्धा मानवते.

वर्तमानपत्राचा कागद आता स्वयंपाकघरातून काढून टाका. भजी, चकल्या, शेव तळून पेपरवर तेल निथळायला टाकायची आपली जुनी सवय. पेपरच्या शाईत असणारी रसायने गरम तेलाबरोबर पदार्थात उतरतात. २०१८ च्या पॅकिंगच्या नियमांनी अन्न गुंडाळायला आणि ठेवायला छापील वर्तमानपत्र वापरणे बंद केले आहे. स्टीलची चाळणी आणि खाली ताट, एवढ्याने काम भागते. तळणीचे तेलही पुन्हापुन्हा तापवून काळे होईपर्यंत वापरायचे नाही. त्यालाही कायद्याने मर्यादा घातली आहे.

मसाला करणाऱ्यांसाठी एक नियम बहुतेकींना माहीत नसतो. दळलेले तिखट, हळद, धणेपूड सुटी विकायला परवानगी नाही, ती पॅक करूनच विकायची. अख्ख्या मिरच्यांचे पोते उघडून विका, पूड मात्र पाकिटातच. दळलेल्या मसाल्यात वरून रंग घालायचा नाही, मिरची फिकी निघाली तरी नाही. हळदीला आणि मिठाईला काही दुकानांत मिळणारा 'मेटॅनिल यलो' नावाचा पिवळा रंग खाण्याचा नाहीच. लोणच्याचे तर कायद्याने आपल्या आजीचेच ऐकले आहे असे वाटते. २०११ च्या मानकांत लिहिले आहे की तेलातल्या लोणच्यावर तेलाचा थर अर्धा सेंटीमीटर तरी हवा, किंवा लोणच्यात तेल दहा टक्क्यांहून कमी नको. आजी टक्के मोजत नव्हती, ती फोड वर आली की तेल ओतायची. फोड तेलाच्या वर आली की बुरशी धरते, कारण तेच.

आता लेबल. इथे वेळ घेतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच दिसतात.

पाकिटावर पदार्थाचे खरे नाव हवे. 'अन्नपूर्णा स्पेशल' हे नाव नव्हे, 'शेंगदाणा चटणी' हे नाव. मग त्यात काय काय घातले ते, आणि जे वजनाला जास्त ते आधी: शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ, जिरे, असे उतरत्या क्रमाने. लाडवात दूध पावडर असेल, चिवड्यात शेंगदाणे-काजू असतील, शेवेत मैदा असेल, तर तेही ठळक सांगायचे. शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन, अंडी, मासे या गोष्टी काही माणसांना अजिबात सोसत नाहीत. अंगावर पित्त उठण्यापासून घसा सुजून श्वास कोंडेपर्यंत मजल जाते. लहान मुलाची आई लेबल वाचते ते यासाठी. घरी आपण पाहुण्याला विचारून वाढतो, पाकीट मात्र कोणाच्या घरात जाते ते आपल्याला दिसत नाही.

शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकोनात हिरवा भरीव गोल. मांसाहारीला तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण, आणि अंडे घातलेला केक-बिस्कीट या त्रिकोणातच येतो. मग वजन, ग्रॅम-किलोत. 'एक वाटी', 'पाव शेर', 'मापटे' हे शब्द तोंडी ठीक, पाकिटावर नाही. तयार केल्याची तारीख, आणि वापरण्याची शेवटची तारीख. घाऊक माल ओळखण्यासाठी घाण्याचा किंवा बॅचचा क्रमांक. कसे ठेवायचे याची सूचना. उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन. एफएसएसएआयचे चिन्ह आणि चौदा आकडी क्रमांक. आणि किंमत, 'सर्व करांसह' असे लिहून. किंमत, वजन, फोन ही मागणी वजनमापांच्या २०११ च्या नियमांतून आली आहे. त्यातच आता एका ग्रॅमला किती पैसे पडले तेही लिहावे लागते: अडीचशे ग्रॅमचे पाकीट शंभर रुपयांना असेल तर ग्रॅमला चाळीस पैसे. पॅकिंग करणाऱ्याची या विभागाकडेही एक नोंदणी असते. वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का दर वर्षी मारून घ्यायचा, स्वयंपाकाचा छोटा प्लास्टिकचा काटा विक्रीला चालत नाही.

पोषणमूल्यांचा तक्ता, म्हणजे ऊर्जा, प्रथिने, साखर वगैरे, प्रत्येक पदार्थाला लागत नाही. साध्या मसाल्यांना सूट आहे. लाडू, चिवडा, बिस्किटे यांच्यासाठी तो करून घ्यावा लागतो.

भाषेचे ऐका, कारण इथे आपल्या बायांना आश्चर्य वाटते. नियमाप्रमाणे लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. मराठी त्याच्या जोडीला कितीही लिहा, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. आम्हाला हे काही फार आवडलेले नाही. गावच्या बाजारात विकायच्या चटणीवर 'शेंगदाणे' लिहिले तर कोणाला कळणार नाही? पण नियम आहे तोवर दोन्ही छापा, आणि मराठी अक्षरे मोठी ठेवा.

शेवटच्या तारखेचे काय? ती अंदाजाने टाकायची नाही आणि शेजारच्या ब्रँडच्या पाकिटावरून उतरवायचीही नाही. त्यांचे पॅकिंग वेगळे, आपले वेगळे. आम्ही गटांना असे करायला सांगतो: एका घाण्याची दहा-बारा पाकिटे, नेहमीच्याच पिशवीत भरलेली, कपाटात बाजूला ठेवा. दर आठवड्याला एक फोडा. वास घ्या, चव घ्या, वहीत लिहा. शेंगदाणा आणि खोबरे आधी खवट होतात, भाकरी आधी सादळते. ज्या आठवड्यात पहिल्यांदा फरक कळला त्याच्या बऱ्याच आधीची तारीख धरा. उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले उत्तर वेगळे येईल. मोठ्या ऑर्डरी लागल्या की प्रयोगशाळेतून तपासून घ्या, तोवर ही वही चालेल.

आणि ती बॅचची वही. शेजारच्या तालुक्यातल्या एका गटाच्या खोबऱ्याच्या चटणीची खवट म्हणून तक्रार आली. त्यांनी पाकिटावरचा क्रमांक विचारला, वही उघडली. त्या दिवशीचे खोबरे नव्या दुकानातून आणलेले, त्यातून चाळीस पाकिटे झालेली, ती तीन दुकानांत गेलेली. संध्याकाळपर्यंत तिन्ही दुकानांतून उरलेली पाकिटे परत आणली आणि विकलेल्यांचे पैसे दिले. बाकीचा चारशे पाकिटांचा माल दुकानातच राहिला. वही नसती तर सगळाच उचलावा लागला असता, आणि दुकानदाराने पुन्हा दारात उभे केले नसते. तारीख, घाण्याचा क्रमांक, कच्चा माल कुठला, किती पाकिटे, कुठे दिली. पाच रकाने. रोज पाच मिनिटे.

पाकिटावर काय लिहायचे नाही तेही सांगतो. 'मधुमेह बरा होतो', 'सांधेदुखीवर रामबाण', 'वजन घटवते' असे काही नको. मेथीचा लाडू गुणाचा असेल, पण आजार बरा करण्याचा दावा अन्नावर करता येत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. व्हॉट्सअॅपवर टाकलेला मजकूरही जाहिरातच. 'सेंद्रिय' हा शब्दही प्रमाणपत्राशिवाय छापू नका. शेतात खत घातले नाही हे तुम्हाला माहीत आहे, गिऱ्हाइकाला कागद लागतो. 'शुद्ध', 'ताजे', 'अस्सल' या शब्दांनाही अटी आहेत. शब्द जितके कमी तितके बरे.

दंडाचे विचारता तर लेबल चुकीचे किंवा अपुरे असेल तर तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा आकडा ऐकून घाबरू नका, ती वरची मर्यादा आहे. दंड ठरवताना किती फायदा मिळवला, कोणाचे किती नुकसान झाले, चूक पुन्हापुन्हा केली का, जाणूनबुजून केली का, हे पाहावे असे कायद्यातच आहे. जागेत किंवा कामात उणीव दिसली तर अधिकाऱ्याने आधी सुधारणेची नोटीस द्यायची आणि किमान चौदा दिवसांची मुदत द्यायची. पण पदार्थ खाऊन माणूस दगावला तर किमान पाच लाखांची भरपाई सांगितली आहे, आणि तिथे गट लहान की मोठा हा प्रश्न पहिला येत नाही.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घ्यायला आला तर त्याचे ओळखपत्र बघा. ते मागणे उद्धटपणा नाही. तो नमुना फुकट नेत नाही, चालू भावाने पैसे देतो. लेखी नोटीस देतो, नमुन्याचे चार भाग करून मोहोर लावतो. त्यातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्ही तिथेच करू शकता, तिचा खर्च मात्र आपला. सरकारी विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. अहवाल विरुद्ध गेला तर तीस दिवसांत अपील करता येते. ही मुदत हुकवू नका. कोणी ओळखपत्र न दाखवता "दिवाळीचा एक डबा द्या, मिटवून टाकू" म्हणाला तर तो अधिकारी असो की तोतया, डबा द्यायचा नाही. १८००-११२-१०० या फुकट क्रमांकावर एफएसएसएआयकडे तक्रार नोंदवता येते.

जीएसटीचे थोडक्यात. महाराष्ट्रात मालाची वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आत असेल तर त्याची नोंदणी लागत नाही. आपल्यातल्या बहुतेकींना आज तो प्रश्नच नाही.

पैशाची मदत हवी असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेली पंतप्रधान योजना आहे, पीएमएफएमई म्हणतात ती. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चावर पस्तीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान आहे. गटात जी सभासद अन्नप्रक्रियेचे काम करते तिच्यामागे चाळीस हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळते, एका गटाला जास्तीत जास्त चार लाख. ते उमेदमार्फत येते, म्हणून तुमच्या प्रभागाच्या समन्वयकाला विचारा. आधी नोंदणी हातात घ्या, मग अर्ज करा, म्हणजे पुढची कागदपत्रे अडत नाहीत.

दिवाळीच्या ऑर्डरी घेतलेल्या ज्या मैत्रिणींची नोंदणी अजून झालेली नाही, त्यांच्यासाठी येत्या मंगळवारी सकाळी अकरापासून आमच्या कार्यालयात अर्ज भरून देणार आहोत. येताना आधार कार्ड, एक फोटो, घरपट्टीची पावती किंवा वीजबिल, घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर संमतिपत्र, आणि शंभराच्या हिशेबाने फी आणा. मोबाइल स्वतःचा आणा, त्यावर ओटीपी येतो. ज्यांचे लेबल छापून झाले आहे त्यांनी एक रिकामे पाकीटही आणावे, छापखान्यात पुढचा गठ्ठा जाण्याआधी बघून घेऊ.